डाळ मिलचा इंटरकॉम लिनक्सवरून ओपनबीएसडीवर : कामाच्या नोंदी

३० डिसेंबर २०२४

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. अख्खं लातूर शेतात, आंबील-भज्जी सोडून मिलमध्ये कोण येतंय, त्यामुळं मशिनी बंद आणि इंटरकॉमचा जुना डबा (कॉम्प्युटर) उघडून बघायला हाच दिवस मिळाला. डिस्क मेलीये. सोर्स कोड बॅकअपमध्ये आहे, बाकीचं गेलं तरी चालेल.

असंच काही करायच्या नादात कोणी असेल तर त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एमआयडीसीतली तुरीच्या डाळीची मिल, बोलायची सोय चार ठिकाणी पाहिजे, गेट, वजनकाटा, ऑफिस आणि रस्त्यापलीकडचं गोडाऊन. मोबाईल सगळ्यांकडं आहेत पण सीझनला काट्यावरच्या मामांना फोन लावत बसायला सवड नसते, बटण दाबलं, बोललं, सोडलं, एवढंच त्यांना पाहिजे. त्यासाठी काही वर्षांपूर्वी सी मध्ये एक प्रोग्राम लिहिलेला आहे, आवाज ओपस कोडेकनं दाबायचा (कॉम्प्रेस करायचा), २०-२० मिलिसेकंदाच्या फ्रेम म्हणजे तुकडे करून आरटीपीनं (नेटवर्कवरून आवाज न्यायची पद्धत) पाठवायचा, सर्व्हर फक्त इकडचं पाकीट तिकडं टाकतो. सगळं लिनक्सवर, अल्सा (आवाजासाठी) आणि ईपोल (पाकीट आलं की कळवणारी) या तिथल्या सोयी धरून.

आता इंटरनेटचा गेटवे तिथं आधीपासून ओपनबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर आहे, फायरवॉलसाठी बसवलेला, कुरकुर न करता चालतोय. मालक म्हणायलेत नवीन डबा नको, आहे त्यातच बसव. ‘लिनक्सच टाक की परत’ असं दोघातिघांनी सांगितलं आणि त्यांचं चुकीचं नाही, पण मग दोन सिस्टिम सांभाळायच्या, दोन्हीकडचे अपडेट बघायचे, आणि ते बघणारा माणूस एकच. म्हणून सर्व्हर गेटवेवर आणि क्लायंटचे लॅपटॉपपण ओपनबीएसडी ७.६ वर. दोन लॅपटॉप पडून होते, दोन सेकंडहँड घेतले, साडेअकरा हजारात दोन्ही.

५ जानेवारी २०२५

कंपाइल. हे सगळ्यात सोपं निघालं म्हणून पटपट लिहितो.

मेकफाइल (कंपाइलच्या सूचनांची फाइल) जीएनयू मेकची आहे, इथलं मेक वेगळं, म्हणून जीमेक पॅकेज टाकलं. बिल्ड स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅश या शेलचा पत्ता बिन फोल्डरचा होता, इथं बॅश टाकलं तरी ते युझर-लोकल खाली बसतं, मग स्क्रिप्टच साध्या शेलमध्ये करून टाकली. ओपस पॅकेज टाकूनही त्याचं हेडर सापडेना, कारण कंपायलर युझर-लोकल मध्ये आपणहून बघत नाही, इन्क्लूड आणि लिंक दोन्हीचे पाथ हातानं द्यायचे नाहीतर पीकेजी-कॉन्फिग या टूलला विचारायचं.

इथं नसलेल्या गोष्टी: बाइटस्वॅप हेडर (एंडियन हेडर आहे, त्यानं भागतं), क्लॉक-मोनोटॉनिक-रॉ हे घड्याळ (साधं मोनोटॉनिक घ्या), प्रोक फोल्डर (प्रोग्राम स्वतःचा पाथ तिथून वाचत होता, ती ओळच उडवली), आणि शेड्युलर बदलायचं फंक्शन. शेवटच्याकडं नीट बघा, कारण आवाजाच्या थ्रेडला रिअल-टाइम प्रायॉरिटी देऊन लिनक्सवर बरंच काही झाकलं जातं आणि इथं ते पांघरूण नाही. रँडम आकड्यांसाठी यूरँडम वाचणं काढून एआरसी४रँडम_बफ हे फंक्शन लावलं, ते उलट बरं पडलं. एनक्रिप्शनच्या फाइलमध्ये ओपनएसएसएल ३ ची ईव्हीपी_मॅक फंक्शनं (पाकिटात फेरफार झाला का ते तपासणारी) होती, इथल्या लिब्रेएसएसएलमध्ये ती नाहीत, जुनं एचमॅक फंक्शन वापरून ते काम भागवलं.

११ जानेवारी

ईपोल, टायमरएफडी (ठरल्या वेळी उठवणारा), इव्हेंटएफडी (एका थ्रेडनं दुसऱ्याला उठवायला), तिन्ही लिनक्सचीच पोरं. ईपोल-शिम नावाची लायब्ररी आहे, ती हीच फंक्शनं आतून के-क्यू (त्याच कामाची इथली सोय) वर चालवते. आधी तीच लावली, सर्व्हर तासाभरात उठला, पाकिटं फिरायला लागली. सर्व्हरला ती पुरेशी आहे, त्याला वेळेचं काही पडलेलं नाही, आलं की ढकल.

तरीपण नंतर काढली आणि सरळ के-क्यू लिहिलं. कारण क्लायंटमध्ये गडबड झाली की चूक आपल्या कोडमध्ये आहे, शिममध्ये आहे का कर्नलमध्ये (सिस्टिमच्या गाभ्यात), हे कळायला मार्गच राहत नाही. इव्हेंटएफडीच्या जागी साधा पाइप, एक बाइट लिहायचा, दुसऱ्या थ्रेडनं उठायचं.

१४ जानेवारी

संक्रांतीची सुट्टी, अख्खा दिवस आवाजात गेला. अल्साची फाइल बाजूला ठेवून एसएनडीआयओ (आवाजाची इथली सोय) साठी नवीन लिहिली. फंक्शनं मोजकी आहेत, उघडा, पॅरामीटर द्या, सुरू करा, वाचा, लिहा. मॅन पेज (माहितीचं पान) एकदा शांतपणे वाचलं तर दुसरं काही लागत नाही. मी ते निम्मं वाचून कोड लिहायला बसलो आणि संध्याकाळ त्यात गेली.

झालं असं की प्रोग्राम सुरू व्हायचा आणि माइक वाचायच्या ओळीवर थांबायचा, थांबायचा तो थांबायचाच. एरर नाही, काही नाही. फुल-डुप्लेक्समध्ये (बोलणं-ऐकणं एकदम) इथं माइक आणि स्पीकर एकाच क्षणी सुरू होतात, आणि वाजवायला पुरेसा माल बफरमध्ये (साठवायच्या जागेत) पडल्याशिवाय दोन्हीतलं काहीच सुरू होत नाही. आपला कोड आधी वाचतो, मग पाठवतो, मग आलेलं वाजवतो. म्हणजे तो माइकची वाट बघायला आणि साउंडकार्ड याची वाट बघायलंय. उपाय एका ओळीचा: सुरू केल्याबरोबर अख्खा बफर भरेल इतकी शांतता, म्हणजे शून्यं, लिहून टाकायची. मग गाडं पळतं.

१९ जानेवारी

आवाज जाईना गेला. पाकिटं जातायत, टीसीपीडंपमध्ये (पाकिटं दाखवणारं टूल) दिसतायत, पलीकडं पोचतायत, डिकोड होतायत, स्पीकरमधून काही नाही. पाकीट बघितलं तर अगदी बारकं, ओपस शांततेला करतो तसं. आधी हेडसेटवर शंका, मग यूएसबी पोर्टवर, मग मिक्सरच्या लेव्हलवर, गोलाईच्या बाजारात जाऊन दुसरा हेडसेटपण आणला, सातशे रुपये. तोपण मुका.

ओपनबीएसडीत माइकचं रेकॉर्डिंग मुळातच बंद असतं, ६.४ पासून, म्हणजे २०१८ पासून. परवानगी नाही अशी एरर देत नाही, डिव्हाइस उघडतं, वाचता येतं, फक्त सगळी शून्यं येतात. सिसकंट्रोलमध्ये (कर्नलची सेटिंगं) कर्न.ऑडिओ.रेकॉर्ड ला १ करायचं आणि तीच ओळ इटीसी मधल्या सिसकंट्रोल.कॉन्फ मध्ये टाकायची म्हणजे रीबूटनंतर राहते. चोरून कोणी माइक ऐकू नये म्हणून ठेवलंय, विचार चांगलाच आहे, पण पोर्ट करणाऱ्याचा रविवार खातो. कोणताही आवाजाचा प्रोग्राम इथं आणताना आधी ऑकॅट या इथल्या टूलनं एक वेव्ह फाइल रेकॉर्ड करून ऐका, ती मुकी असली तर आपल्या कोडला हात लावू नका.

यूएसबी हेडसेट दुसऱ्या नंबरचं डिव्हाइस म्हणून येतो. एसएनडीआयओडी ला (मागं चालणारा आवाजाचा सर्व्हर) मोठ्या एफचा फ्लॅग देऊन तो नंबर सांगितला की हेडसेट लावलेला असला तर आवाज तिकडं जातो, उपटल्यावर लॅपटॉपच्या स्पीकरवर येतो. गेटवर हेडसेट दिवसातनं कितीदा उपटला जातो हे ज्याला माहीत आहे त्याला याची किंमत कळेल.

२६ जानेवारी

आता खरं दुखणं. आवाज येतोय पण तुटत तुटत. जिटर बफर (मागंपुढं आलेली पाकिटं थोडी साठवून सारख्या अंतरानं वाजवायची जागा) वाढवला तर तुटणं कमी होतं आणि उशीर वाढतो, कमी केला की परत तुटतं. नेटवर्क म्हणावं तर दोन्ही लॅपटॉप एकाच टेबलावर एकाच स्विचला.

टीसीपीडंपमध्ये पाकिटांमधलं अंतर काढून बघितलं. पाठवणाराच वेडावाकडा पाठवायलाय. २० मिलिसेकंदाला एक पाकीट निघायला पाहिजे, तर २०, ३०, २०, ३०, मधीच दोन एकदम. जुन्या डिझाइनमध्ये टायमर वाजला की माइकमधून एक फ्रेम उचलायची, दाबायची, पाठवायची. लिनक्सवर टायमरएफडी ते अगदी नेमकं करत होता. इथं कर्नलचा टिक १०० हर्ट्झ, म्हणजे १० मिलिसेकंदाची पायरी, आणि ‘निदान इतका वेळ झोपव’ म्हटल्यावर तो पुढच्या पायरीला नेऊन उठवतो. झोपेचं फंक्शन लावून बघितलं, तेच. फिरत राहणारा लूप लावला, वेळ बरोबर आली पण पंखा सुटला आणि एक कोर त्यातच गेला.

टायमर सुधारायच्या नादात बराच वेळ घातला आणि तो वाया गेला, कारण टायमर लागतच नाही. साउंडकार्डमध्ये स्वतःचं घड्याळ आहे. ४८ हजार हर्ट्झला ९६० सँपल म्हणजे बरोबर २० मिलिसेकंद. माइक वाचायचं फंक्शन सँपल येईपर्यंत थांबतं, आली की सुटतं, ९६० भरेपर्यंत तेच परत वाचायचं, म्हणजे तेच आपला टायमर. मोटार कशावर चालते ते सोडून मी पट्टा ताणत बसलो होतो. टायमरचा सगळा कोड काढला, वाचा-दाबा-पाठवा-वाजवा असा एकच लूप राहिला आणि अंतरं सरळ झाली, कोड तीनशे ओळींनी कमी झाला.

लिनक्सवरपण असंच लिहायला पाहिजे होतं. तिथला टायमर फार चांगला असल्यामुळं खपून गेलं.

२ फेब्रुवारी

उशीर मोजला. एका लॅपटॉपजवळ टाळी, दुसरा शेजारी, मोबाईलवर दोन्ही रेकॉर्ड करून वेव्हफॉर्ममध्ये अंतर बघायचं. पाव सेकंदाच्या वर. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेच्या जी.११४ शिफारशीत एका बाजूनं १५० मिलिसेकंदापर्यंत ठीक असं सांगितलंय, त्याच्या पुढं माणसं एकमेकांवर बोलायला लागतात.

यातला मोठा वाटा एसएनडीआयओडीच्या डिफॉल्ट बफरचा, ७६८० फ्रेम (इथं फ्रेम म्हणजे एकेक सँपल), म्हणजे ४८ हजारला १६० मिलिसेकंद. गाणी ऐकायला उत्तम, बोलायला नाही. बफर १९२० आणि ब्लॉक ४८० केला, म्हणजे ४० आणि १०. यापेक्षा खाली नेल्यावर सर्वात जुना लॅपटॉप खरखरायला लागला म्हणून तिथंच ठेवलं.

दुसरी गोष्ट एक्सरन मोड, म्हणजे बफर रिकामा पडला तर काय करायचं ते. डिफॉल्ट मोडमध्ये बफर रिकामा पडला की कार्ड थांबतं आणि माल आला की जिथं होतं तिथून पुढं. गाण्याला बरोबर, पण बोलण्यात प्रत्येक थांबा उशिरात कायमचा जमा होतो, संध्याकाळपर्यंत सकाळचं बोलणं ऐकू येईल. एसआयओ_सिंक मोड लावला की जितका वेळ थांबलं तितका माल टाकून देऊन ते वेळेवर येतं. बोलण्यात एक अक्षर गेलेलं चालतं.

आता टाळी शंभरच्या आत.

९ फेब्रुवारी

क्रॅश. तास-दीड तास चालतो आणि जिटर बफर रिकामा होऊन गप्प बसतो, कधी सरळ मरतो. लॉगमध्ये एका पाकिटाचा टाइमस्टॅम्प ३७५५९९१००७. असला आकडा कुठून यावा? हेक्समध्ये केला तर डीएफ डीएफ डीएफ डीएफ. ओळखणाऱ्यांनी ओळखलं असेल, इथलं मॅलॉक (मेमरी देणारं-घेणारं) सोडून दिलेल्या मेमरीत मुद्दाम डीएफ भरून ठेवतं. म्हणजे पाकीट फ्री केल्यावर त्याचाच टाइमस्टॅम्प वाचला जात होता. लिनक्सवर त्या जागेत जुनाच आकडा शिल्लक राहायचा म्हणून कित्येक सीझन बिनबोभाट चालला. दोन ओळींची जागा अदलाबदल केली.

दुसऱ्या सिस्टिमवर न्यायचा खरा फायदा म्हणाल तर हा. पोर्ट केलं नसतं तर तो बग तिथंच राहिला असता.

१६ फेब्रुवारी

प्लेज लावलं. सुरुवातीला साउंड आणि सॉकेट उघडून झालं की प्रोग्रामनं कर्नलला सांगायचं, आता मला एवढंच लागेल, याच्याबाहेर गेलो तर मार. सगळं झाल्यावर फक्त स्टडआयओ (साधी नेहमीची कामं) आणि ऑडिओ ठेवलं आणि खूश झालो. मग केबल उपटून परत लावली, प्रोग्राम नवीन सॉकेट उघडायला गेला आणि मेला. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) स्वच्छ लिहिलेलं, प्लेज आयनेट (नेटवर्कची परवानगी), सिसकॉल ९७, म्हणजे सॉकेट. आयनेट परत दिलं, फाइल वाचायची-लिहायची परवानगी मात्र काढलेलीच. नावाऐवजी सरळ आयपी वापरलाय, नाहीतर डीएनएसपण द्यावं लागतं.

२३ फेब्रुवारी

मिलमध्ये बसवलं. तुरीची आवक जोरात, मोंढ्यातून गाड्यांची रांग गेटबाहेर रस्त्यापर्यंत, आणि मी टेबलाखाली केबल ओढतोय. ऑफिस आणि गेट लगेच लागले. काटा लागेना. सर्व्हर आयपीव्ही६ च्या (नव्या पद्धतीच्या) सगळ्या पत्त्यांवर ऐकत होता, लिनक्सवर त्यातच जुनं आयपीव्ही४ पण येतं, इथं येत नाही आणि ते चालू करायची सोयच ठेवलेली नाही. टेबलावर टेस्ट करताना दोन्ही लॅपटॉप आयपीव्ही६ वर बोलत होते म्हणून दिसलं नव्हतं, ऑफिस आणि गेटपण तसेच लागले. काट्याच्या स्विचवर फक्त आयपीव्ही४. दोन वेगळे सॉकेट उघडले, झालं.

गोडाऊनला दुसरं इंटरनेट आहे, तिथून गेटवेपर्यंत वायरगार्ड (इंटरनेटवरून एनक्रिप्ट केलेली खासगी जोडणी). ओपस २४ किलोबिटला ठेवलाय, म्हणजे एका पाकिटात ६० बाइट आवाज, पण त्यावर आरटीपी, यूडीपी, आयपी आणि वर वायरगार्डचं वेष्टण, वायरवर ७० किलोबिटच्या आसपास जातं. मालापेक्षा बारदान जड. तरी आजच्या लाइनला ते काहीच नाही.

तिथं वेगळीच तऱ्हा झाली. गोडाऊनवाल्यांनी आधी बोललं तर सगळं ठीक, ऑफिसनं आधी हाक मारली तर गोडाऊनला काही नाही. बटण दाबेपर्यंत आपण काहीच पाठवत नाही, आणि फायरवॉलमध्ये यूडीपीची नोंद ६० सेकंद गप्प राहिलं की पुसली जाते. दर २० सेकंदाला रिकामं पाकीट पाठवायला लावलं. नॅटमधून (एका पत्त्यामागं अनेक डबे) जाणाऱ्यांनी पीएफच्या (इथल्या फायरवॉलच्या) नियमात स्टॅटिक-पोर्टपण बघून घ्या, नाहीतर तो पोर्ट नंबर बदलतो आणि काही प्रोग्रामला ते चालत नाही.

मशिनीचा आवाज. बटण न दाबता आवाज ओळखून सुरू होणारी सोयपण कोडमध्ये होती, ती मिलमध्ये पहिल्या मिनिटाला बाद, तिला पॉलिशरचा आवाज म्हणजे सतत कोणीतरी बोलतंय असंच वाटतं. स्पीएक्सडीएसपी या लायब्ररीमधलं नॉइज कमी करणारं फंक्शन लावलं, एकसुरी घरघर बऱ्यापैकी जाते, गोण्या आपटल्याचा आवाज जात नाही. मामांचं मत, ‘पहिल्यापेक्षा बरं हाय, पण तुम्ही डब्यातनं बोलल्यावानी वाटायलाव.’

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र, निम्मे हमाल सिद्धेश्वराच्या यात्रेला. काम नाही, फक्त लॉग गोळा केले.

९ मार्च

सकाळी आवाज चांगला, दुपारनंतर ऑफिसकडून गेटला बोललेलं उशिरा पोचतं. रीस्टार्ट केलं की परत चांगलं. एसआयओ_सिंकनं हे जायला पाहिजे होतं, पण हे ते नाही. दोन साउंडकार्डांची दोन घड्याळं, दोन्हीवर ४८ हजार लिहिलेलं असलं तरी दोन्ही तंतोतंत सारखी कधीच नसतात. दहा लाखात ५० चा फरक धरला तरी तासाला १८० मिलिसेकंद, म्हणजे नऊ फ्रेम. आपला क्लायंट बटण सोडल्यावरपण शांततेच्या फ्रेम वाजवत राहतो त्यामुळं बफर कधी रिकामा होतच नव्हता, फरक साचत गेला.

पूर्वी टायमर सगळं चालवत होता तेव्हा जास्तीचं पाकीट गुपचूप फेकलं जायचं, तो कोड २६ जानेवारीला टायमरबरोबर गेला. आता बटण सुटलं की जिटर बफर रिकामा करून परत पहिल्यापासून भरतो. सतत बोलणाऱ्या सिस्टिमला हे चालणार नाही, त्यांना रिसँपलर लावून वेग किंचित कमीजास्त करावा लागेल. आपल्याकडं कोणी सलग मिनिटभरपण बोलत नाही.

२३ मार्च

लाईट. दिवसातनं दोनदातीनदा जाते, लॅपटॉपच्या बॅटऱ्या मेलेल्या. इथल्या फाइलसिस्टिमला जर्नल (बदलांची नोंदवही) नाही, वाकडी बंद झाली की चालू होताना एफएसचेक (डिस्कची तपासणी) चालतं, आणि गेटवरचा लॅपटॉप एकदा त्यात अडकून हातानं उत्तरं मागत बसला. गेटवरच्या भाऊंनी फोटो पाठवला, सगळ्याला वाय दाबा म्हटलं, उठला.

उपाय दोन. लॉग आणि टेंप फोल्डर एमएफएस म्हणजे मेमरीत टाकले, आता डिस्कवर जवळजवळ काही लिहिलंच जात नाही. आणि काट्यावर व गेटवर छोटे यूपीएस, दोन्हीचे मिळून सहा हजार दोनशे. यूपीएस आधीच घेतले असते तर बरं, पण मालकांना आधी प्रोग्राम चालतो का ते बघायचं होतं.

११ मे

७.७ आलंय २८ एप्रिलला. गेटवे आणि चारही लॅपटॉप सिसअपग्रेड या कमांडनं वर नेले. एक लक्षात ठेवा, दर सहा महिन्याला नवीन व्हर्जन येतं आणि जुना बायनरी (कंपाइल झालेला प्रोग्राम) नव्यावर चालेलच असं इथं कोणी कबूल करत नाही. पॅकेजं अपडेट केली, गेटवेवर परत कंपाइल केलं आणि लॅपटॉपवर कॉपी केलं. सोर्समध्ये काही बदलावं लागलं नाही.

राहिलेलं: गेटवर हेडसेटऐवजी स्पीकर पाहिजे म्हणतात, म्हणजे एको कॅन्सलेशन (स्पीकरचा आवाज माइकमधून परत जाऊ न देणं) आलं, स्पीएक्सडीएसपी मध्ये ते आहे पण अजून लावलेलं नाही. एकूण खर्च लॅपटॉप, हेडसेट, यूपीएस धरून एकोणीस हजारांच्या आत. अल्सा आणि ईपोलच्या फाइली ठेवल्यात, लिनक्सवरपण तोच सोर्स कंपाइल होतो, फक्त तिथलापण टायमर काढून टाकलाय.